जुन्या काचेच्या गोट्या आणि हरवलेली नावं

हातानं घडवलेली जुनी काचेची गोटी हाती आली की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की ही केली कोणी? गोटीवर शिक्का नसतो, सही नसते, साल नसतं. बोट फिरवलं तर समोरासमोर दोन खरखरीत खुणा तेवढ्या लागतात. या खुणांना संग्राहक पाँटिल म्हणतात. ओळख पटवण्याचं काम तिथूनच सुरू होतं आणि बहुतेक वेळा जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरांतल्या लाउशा गावापाशी पोचतं.

लाउशात काचेची भट्टी १५९७ साली उभी राहिली. हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर हे तिचे संस्थापक. आसपास जंगल असल्यानं जळणाला लाकडाची कमतरता नव्हती. पुढे अडीचशे वर्षांनी, १८४०च्या दशकात, याच गावात एक साधं अवजार तयार झालं : गोटीची कात्री. हिच्या एका टोकाला छोटी वाटी आणि दुसऱ्या टोकाला पातं. कारागीर पारदर्शक काचेच्या गोळ्यावर रंगीत काचेच्या काड्या चिकटवी, त्यावर पुन्हा काचेचा थर देई, मग सगळं तापवून ओढत ओढत पीळ भरी. अशी लांब कांडी तयार झाली की तिचं मऊ टोक वाटीत फिरवून गोल करायचं आणि पात्यानं कापायचं. लगेच पुढची गोटी. त्या दोन खुणा म्हणजे कांडीपासून तुटल्याच्या जागा. कांडीच्या शेवटच्या गोटीत रंगीत धागे मध्येच संपलेले दिसतात. अशी गोटी पाहताना कारागिराचा हात अगदी जवळ असल्यासारखा वाटतो, म्हणून मला ती सर्वांत प्रिय.

पण हात कोणाचा? इथे लाउशाचं एक वैशिष्ट्य आडवं येतं. ग्रायनर आणि म्युलर या दोन आडनावांची माणसं गावात इतकी झाली, की घराणी वेगळी ओळखता यावीत म्हणून आडनावाला जोडनावं लागली. म्युलर-उरी हे त्यातलंच एक. १८५३ साली सुरू झालेल्या एका कारखान्याच्या नावात तर ‘ग्रायनर, चुलतभावाचा मुलगा’ अशा अर्थाचं जोडनाव आहे! कात्री एकाच पद्धतीची, रंग तेच, पीळ भरण्याची रीतही तीच. त्यामुळे दोन कारागिरांच्या गोट्यांत फरक शोधायचा तर शोधणार कशात? शिवाय हा माल खेळण्यांचा. व्यापारी तो एकत्र करून परदेशी पाठवत. अमेरिकेत १८९०च्या कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं, तरी ते छापलं जाई खोक्यावर. खोकं फेकलं की गोटी पुन्हा अनामिक.

ही पोकळी मग संग्राहकांनी आपल्या नावांनी भरली, आणि त्यातून गोंधळ वाढला. सोनेरी चमक असलेल्या गोट्यांना लट्झ म्हणतात. ही चमक काचेत मिसळलेल्या तांब्याच्या सूक्ष्म कणांची असते. नाव निकोलस लट्झ या फ्रान्समध्ये जन्मलेल्या कारागिराचं. तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावच्या काच कारखान्यात होता आणि अशी चमकदार काच वापरण्यात वाकबगार होता, एवढ्यावरून गोट्या त्याच्या नावावर चढल्या. प्रत्यक्षात त्या जर्मन घडणीच्या आहेत. ‘इंडियन’ म्हणवल्या जाणाऱ्या, काळ्या काचेवर रंगीत पट्टे असलेल्या गोट्यांचाही भारताशी संबंध नाही. जाळीदार गाभ्याच्या गोट्यांना लॅटिचिनो हे इटालियन नाव आहे, पण त्याही जर्मनीच्याच. हे सगळे शब्द नक्षीचे प्रकार सांगतात, कर्त्याचं नाव सांगत नाहीत. ही गल्लत विक्रेत्यांनी तरी थांबवायला हवी.

कर्त्याचं नाव खात्रीनं घेता येतं ते अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रनला पोचल्यावर. सॅम्युएल डाइक यानं तिथे १८८४मध्ये मातीच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. त्यानंतर १८९०च्या दशकात जेम्स हार्वे लाइटन काचेच्या गोट्यांकडे वळला. या गोट्या कांडीपासून कापलेल्या नव्हेत. भट्टीतून सळईवर काच घेऊन एकेक गोटी वेगळी केली जाई, म्हणून पाँटिल एकच. मग मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन यानं गोटी गोल करणारं यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट १९०५चं. मात्र काच सळईवर घेणं आणि कापणं हातानंच चाले. सळई फिरवताना काचेत पीळ पडे, त्यामुळे त्याच्या गोट्यांवर एका टोकाला इंग्रजी नऊसारखं वळण आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची शेपटी दिसते. हा कारखाना १९१७मध्ये बंद झाला. दरम्यान १९१४च्या महायुद्धानं जर्मन मालाची वाट अडली आणि अमेरिकी यंत्रांना बाजार मोकळा मिळाला.

म्हणून जर्मन गोटीच्या बाबतीत ‘लाउशा परिसर, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढं सांगणं मला पुरेसं वाटतं. त्यापुढे एखादं नाव चिकटवायचं असेल, तर मूळ खोकं किंवा कारखान्याच्या जागी उत्खननात सापडलेले तुकडे असा पुरावा हवा. आणि गोटीला पॉलिश करू नये. ओरखडे घालवण्यासाठी वरचा थर घासला की पाँटिलही घासला जातो. तो दोन बाजूंना होता की एका, खडबडीत होता की घासून गुळगुळीत केलेला, हे मग कुणालाच सांगता येत नाही.