मेमरी कार्ड टाकलं की टॅबचं स्टोरेज वाढतं? अर्धवट खरंय

३२ जीबीचा स्वस्त टॅब घ्यायचा आणि १२८ चं कार्ड टाकायचं, झाला १६० जीबीचा, हे दुकानदारही सांगतात आणि घरातले जाणकारही. पण तसं होत नाही बरं का. कार्डावर फोटो, पिक्चर, गाणी, पीडीएफ जातात, अ‍ॅप मात्र आतल्याच मेमरीत बसतं, आणि तिथला बराच भाग अँड्रॉइडने आधीच अडवलेला असतो, म्हणून कार्ड रिकामं असूनही 'जागा शिल्लक नाही' असं येतं.

अ‍ॅप कार्डावर हलवायची 'मूव्ह टू एसडी कार्ड' ही सोय अँड्रॉइड २.२ मध्ये, म्हणजे २०१० साली आली, पण अ‍ॅप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच चालते आणि तरी थोडा डेटा आत राहतोच. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून कार्डच आतली मेमरी म्हणून जोडायची सोय आहे, फक्त बऱ्याच कंपन्या ती बंदच ठेवतात, आणि असली तरी आधी कार्ड फॉरमॅट होतं, मग ते दुसऱ्या कशात वाचता येत नाही, स्लो कार्ड असेल तर टॅब रडत चालतो. घ्यायचंच तर ए१ किंवा ए२ (अ‍ॅप चालवायला पुरेशा वेगाची खूण) छापलेलं कार्ड घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओसुद्धा आपोआप कार्डावर जात नाहीत, हाताने हलवावे लागतात (गुड मॉर्निंगवाले सरळ उडवा). आणि गूगल फोटोजमधून डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये ३० दिवस, बॅकअप असेल तर ६० दिवस पडून असतं, तेही रिकामं करा.