खर्ऱ्यातली सुपारी उगवत काहून नाही?

नागपुरात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटणारे गल्लोगल्ली, पण घोटतात ती सुपारी म्हणजे पामचं बी आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. कापलेल्या सुपारीत पांढरी-तपकिरी नक्षी दिसते ना, तो भ्रूणपोष, म्हणजे कोंबाची शिदोरी, आणि खुद्द कोंब असतो एवढुसा, एका टोकाला दडून बसलेला.

मागच्या मे महिन्यात वॉकला गेलो तर रॉयल पामखाली बियांचा सडा, खिसाभर आणल्या, कुंडीत टाकल्या, तीन महिने पाणी घातलं, एकही उगवली नाही. बऱ्याच पामच्या बिया वाळल्या की मरतात हे नंतर कळलं, आणि ४५ डिग्रीत डांबरावर पडलेलं बी कितीसं टिकणार! सुपारीचंही तेच, बाहेरून दगड पण आतला कोंब वाळून मेलेला. खजूर तेवढा चिवट, इस्रायलमधल्या मसाडाला सापडलेलं साधारण २००० वर्षांपूर्वीचं बी २००५ मध्ये पेरलं तर चक्क उगवलं.

मग बी तयार झालं हे ओळखायचं कसं? रंग बघा, अरेका पामचं फळ हिरव्याचं पिवळं होतं, शिंदीचं नारंगी, आणि पिकलेलं फळ हात लावला की सुटतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, क्वीन पामच्या हिरव्या फळातल्या बियाच जास्त चांगल्या उगवतात म्हणे तज्ज्ञ. त्यापेक्षा चार-पाच बिया सरळ कापून बघायच्या. ताडगोळा खाल्लाय ना, तो कोवळा भ्रूणपोषच, तसं जेलीसारखं किंवा पाणचट दिसलं तर बी कच्चं. आतलं सगळं भरलेलं, टणक आणि कोंब पांढरट, घट्ट असेल तर काम झालं, कोंब तपकिरी किंवा आक्रसलेला दिसला तर ती बॅच गेली समजा. पाण्यात टाकून बुडालं ते चांगलं, तरंगलं ते वाईट, ही युक्ती मला पटत नाही, नारळ तर समुद्रात तरंगत जाऊन किनाऱ्यावर रुजतो.

गर मात्र काढायचाच, तो उगवण रोखतो, आणि हातमोजे घालून काढा, कारण भेरली माडासारख्या फळांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अशी खाज सुटते की विचारू नका. धुतलेल्या बिया ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), झिपच्या पिशवीत, ३० ते ३५ डिग्रीला ठेवायच्या. तेवढी गरमी नागपुरात फुकटच मिळते, फक्त पिशवी उन्हात नको, सावलीतच ठेवा.