हरभऱ्याची आंब आणि आम्लाची दोन वागणी

थंडीत लातूर-परभणीकडच्या काळ्या रानात हरभरा घाट्यांवर येतो. तेव्हा सकाळी त्यातून अनवाणी चालून बघा, पाय चरचरतात. पानांवरच्या बारीक केसांतून आंब, म्हणजे आंबट रस, झिरपते. जुनी माणसं पहाटे पिकावरून धोतराचं फडकं फिरवून ते पिळत आणि पोटदुखीला म्हणून आंब बाटलीत भरून ठेवत. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. ऑक्झॅलिकमुळे घाटेअळीची वाढ मंदावते, असं प्रयोगांत दिसलंय. अळी पुरती थांबत मात्र नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

चिंचेतलं टार्टारिक, दह्यातलं लॅक्टिक, लिंबातलं सायट्रिक ही त्याच कुळातली: कार्बोक्झिलिक आम्लं. खूण एकच. एका कार्बनला दोन ऑक्सिजन, एक दुहेरी बंधाने, दुसरा एकेरी; दुसऱ्याच्या टोकाला हायड्रोजन. हा हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून, प्रोटॉन होऊन निघून गेला की मागे राहिलेला ऋणभार दोन्ही ऑक्सिजन वाटून घेतात. एका बैलाचं ओझं दोघांवर आल्यासारखं. अल्कोहोलात ही सोय नाही, म्हणून ते आंबट लागत नाही.

पण अल्कोहोलापासूनच आम्ल बनतं. साखर कारखान्याच्या मळीतून निघालेल्या इथेनॉलला ॲसिटोबॅक्टर जिवाणू आणि हवा मिळाली की व्हिनेगर, म्हणजे पाण्यातलं ॲसिटिक आम्ल, तयार. प्रयोगशाळेत हेच काम आम्लयुक्त डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं एक मीठ, करतं. नारिंगी द्रावण हिरवं होतं. मोठ्या कारखान्यांत मात्र मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांना ऱ्होडियम किंवा इरिडियमच्या उत्प्रेरकाने जोडतात. शुद्ध ॲसिटिक आम्ल 16.6 अंश सेल्सिअसला गोठतं. परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा कॉलेजच्या लॅबमधली बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही.

आता वागणं. खाण्याच्या सोड्याला हे आम्ल आपला हायड्रोजन देतं आणि कार्बन डायऑक्साइड फसफसतो. चिंचेने तांब्याचा गडवा उजळतो, तिथेही काळ्या ऑक्साइडला हायड्रोजनच लागतो. अल्कोहोलसोबत, थोडं सल्फ्युरिक आम्ल टाकून तापवलं तर मात्र एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेलं संयुग, आणि पाणी मिळतं. त्या पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, आम्लाचा की अल्कोहोलचा? 1938 मध्ये रॉबर्ट्स आणि यूरी या रसायनशास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन (वजनावरून ओळखता येणारा) असलेलं मिथेनॉल हे अल्कोहोल बेंझोइक आम्लाशी जोडून पाहिलं. जड ऑक्सिजन एस्टरमध्येच राहिला. म्हणजे या वेळी आम्लाने नुसता हायड्रोजन नाही, अख्खा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, सोडला होता. मला या कुळातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

ही अभिक्रिया उलटीही फिरते, म्हणून एस्टर हवं असेल तर पाणी काढत राहावं लागतं. तेलं म्हणजेही एस्टरच. कॉस्टिक सोड्याने ती फोडली की मेदाम्लाचं सोडियमचं मीठ, म्हणजे साबण. बोअरच्या जड पाण्यात त्याचा फेस का होत नाही? पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमची जागा घेतं, आणि ते न विरघळणारं मीठ बादलीच्या कडेला पांढरट थर होऊन बसतं.