दक्षिणेचं औषध: व्हिएतनामच्या दाहशामक वनस्पतींमागची गोष्ट

हनोईच्या जुन्या शहरात लान ओंग नावाचा रस्ता आहे. दुकानांपुढे वाळलेल्या मुळ्या, साली, फुलं पोत्यांत उघडी मांडलेली असतात. ज्यांच्या टोपणनावावरून हा रस्ता ओळखला जातो, ते ले हिउ च्याक अठराव्या शतकातले वैद्य; त्यांचा वैद्यककोश ६६ खंडांचा. पण त्या पोत्यांत काय असावं, हा वाद त्यांच्याही कितीतरी आधीचा.

व्हिएतनाममध्ये परंपरेनं औषधाचे दोन प्रकार मानतात. 'थुओक बाक' म्हणजे उत्तरेचं, चीनकडून आलेलं. 'थुओक नाम' म्हणजे दक्षिणेचं, आपल्या मातीतलं. चौदाव्या शतकातले भिक्षू-वैद्य तुए तिन्ह यांनी ठामपणे सांगितलं: दक्षिणेच्या माणसाला दक्षिणेचंच औषध. त्यांच्या नावावरच्या ग्रंथात सुमारे ५८० औषधी द्रव्यं आहेत. पुढे त्यांना मिंग दरबाराकडे चीनला धाडण्यात आलं आणि ते परत आलेच नाहीत. दक्षिणेकडचं कुणी इथून गेलं तर माझ्या अस्थी घरी न्या, असं त्यांच्या थडग्यावर कोरलं होतं, असं सांगतात. परक्याच्या देशात मरतानाही आपल्या मातीची ओढ न सुटलेला हा माणूस मला या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो.

या ग्रंथांत आजच्या अर्थानं 'दाह', म्हणजे सूज, लाली, वेदना आणणारी शरीराची प्रतिक्रिया, शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. तिथे भाषा आहे ती अंगात साठलेल्या उष्णतेची, विषाची, आणि सांध्यांत शिरलेल्या वाऱ्याची नि ओलीची. या शेवटच्या दुखण्याला ते 'फोंग थाप' म्हणतात. आपल्याकडच्या वाताच्या दुखण्याशी त्याचं नातं चटकन लक्षात येतं.

या परंपरेला प्रयोगशाळेचं दार उघडलं ते युद्धानंतर. फ्रेंचांशी लढताना जंगलातल्या तळांवर औषधांची टंचाई होती. २७ फेब्रुवारी १९५५ रोजी हो चि मिन्ह यांनी आरोग्यसेवकांना पत्र लिहून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या वैद्यकाची सांगड घालायला सांगितलं. तो दिवस तिथे आजही डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळतात. १९५७ मध्ये पारंपरिक वैद्यकाची आणि १९६१ मध्ये औषधी द्रव्यांची संस्था हनोईत उभी राहिली. दो तात लोई या औषधशास्त्रज्ञानं एकेका झाडाच्या लोकवापराशेजारी त्याचं रसायन मांडलं. मोठं काम ते हेच, असं माझं मत.

होए या फुलझाडाचं उदाहरण घ्या. कळ्या उमलण्याआधीच तोडाव्या लागतात. फूल फुललं की त्यातलं रुटिन हे औषधी रसायन घटतं. कळ्या वाळवून, मंद आचेवर परतून त्यांचा चहा करतात, उष्णता उतरायला आणि रक्तस्राव थांबायला. रुटिन प्रथम वेगळं केलं गेलं १८४२ मध्ये जर्मनीत, तेही सतापीतून. पण कळी तोडण्याची नेमकी वेळ गावकऱ्यांनी अनुभवानं ठरवली होती.

'मू ऊ' हे झाड तर आपल्या ओळखीचं. कोकण किनाऱ्यावरची उंडी ती हीच. मेकाँगच्या खोऱ्यात तिच्या बियांचं हिरवट, दाट तेल भाजलेल्या जागेवर आणि जखमांवर लावतात. त्यातल्या कॅलोफायलोलाइडनं प्रयोगातल्या प्राण्यांची सूज कमी केल्याचं दिसलं आहे.

आणि किराईत, जिला तिथे 'स्वेन ताम ल्येन' म्हणतात. तिच्या कडूपणाचं मूळ अँड्रोग्राफोलाइड. पेशीत दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन डीएनएला धरू पाहतं, तेव्हा हे रसायन त्याच्या एका घटकाला चिकटून ती पकड बसू देत नाही. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपलं; त्यानंतरच्या टंचाईच्या काळात प्रतिजैविकं मिळत नव्हती, तेव्हा ताप, घसा, जुलाब, सगळ्यांवर किराईतीच्याच गोळ्या दिल्या जात. त्या काळात वाढलेल्यांच्या जिभेवर ती चव अजून आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत त्याच गोळ्यांसाठी पुन्हा झुंबड उडाली.