केरी ते पोळे, किनाऱ्याने: आमची गाडी घेऊन निघण्याआधी वाचा

भाड्याची गाडी ठरवताना बहुतेक लोक आम्हाला विचारतात, “समुद्राकडेने जाणारा रस्ता कुठला?” असा एक सलग रस्ता गोव्यात नाही. उत्तरेला केरीपासून दक्षिणेला पोळ्यापर्यंत किनारा शंभर किलोमीटरहून थोडा अधिक, पण तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्यांनी तो जागोजाग तोडला आहे. नदीच्या तोंडाशी रस्ता संपतो, आत वळतो, पूल गाठतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा समुद्राची वाट धरतो. मधल्या भागात माड, शेतं, घरं आणि हॉटेलांच्या भिंती. गाडीत बसून समुद्र दिसेल अशा जागा फार थोड्या. तेव्हा कुठे उतरायचं ते आधी ठरवा आणि मग रस्ता आखा.

दुसरी गोष्ट वेळेची. महामार्ग ६६ धरला तर उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीहून पोळ्याला साडेतीन-चार तासांत पोचता येतं. मोबाइलवर हा आकडा बघून लोक एका दिवसात अख्खा किनारा आखतात, आणि संध्याकाळी कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आम्हाला फोन करतात. आमचा हिशोब सोपा आहे. किलोमीटर मोजू नका, नद्या मोजा. दिवसाला दोन-तीन नद्या ओलांडल्या तर पुरे. त्या हिशोबाने दोन रात्री आणि तीन दिवस लागतात. पहिला मुक्काम पणजीत, दुसरा काणकोणात. हातात एकच दिवस असेल तर उत्तर गोवा सोडून द्या आणि फक्त बेतूल ते आगोंद करा. कळंगुट-बागा सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेलं असतं.

पहिला दिवस: पेडणे आणि बार्देस

म्हापशाहून सकाळी आठच्या आत निघा. शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडे, आणि तिथून डावीकडे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल अशी ओळ लागते. मोरजीला नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने काठ्या आणि दोऱ्या लावून राखलेली जागा दिसली की लांबूनच बघा, आणि रात्री तिथे टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा लावू नका. हरमलला मुख्य किनाऱ्यावरून उजवीकडे खडकांच्या कडेने चालत गेलं की समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे. वयस्कर मंडळींना ती वाट जड जाते. त्यांच्यासाठी केरी बरी. सुरूची झाडं आहेत, सावली आहे, गाडी जवळपर्यंत जाते.

केरीहून तेरेखोल किल्ल्याला जायला सरकारी फेरीबोट आहे, आणि या सहलीतला मुलांना सगळ्यात आवडणारा भाग बहुधा हाच ठरतो. पहिल्यांदाच फेरीत गाडी घालणार असाल तर थोडं ऐका. रांगेत उभे राहा आणि फेरीवरचा माणूस हात करेल तेव्हाच पुढे व्हा. ओहोटीला उतार चांगलाच तीव्र होतो, म्हणून पहिल्या गियरमध्ये सावकाश उतरा. आत गेल्यावर हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि गाडी गियरमध्ये ठेवा. चाकाखालची पाटी ओली आणि शेवाळलेली असेल तर अचानक ब्रेक मारू नका. शेवटची फेरी कधी सुटते ते पलीकडे जाण्याआधीच धक्क्यावर विचारून घ्या.

तेरेखोल ही गंमतशीर जागा आहे. गोव्याचा हा तुकडा नदीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राला लागून. किल्ला मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. फेरी बंद असेल तर किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा घालून जाता येतं. तो वळसा घेतलाच तर रेडीचा द्विभुज गणपती फार लांब नाही. १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली ही मूर्ती बघायला कोल्हापूर-सांगलीकडचे आमचे ग्राहक हमखास जातात. मात्र हा सगळा भाग महाराष्ट्रात येतो. आमची गाडी राज्याबाहेर न्यायची असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे कागद तयार ठेवता येतात.

परतताना पुन्हा शिवोलीचा पूल. इथून पुढे एक किल्ला निवडा, दोन्ही करायला जाऊ नका. शापोऱ्याचा किल्ला पोर्तुगीजांचा, त्याआधी तिथे आदिलशाही ठाणं होतं. वर बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण नदीचं तोंड, मोरजीची वाळूची जीभ आणि वागातोर एका नजरेत मावतात. चढण छोटी असली तरी सुट्या दगडांची आहे, सपाता घालून जाऊ नका. सिनेमामुळे नाव झालं आणि संध्याकाळी तिथे जत्रेसारखी गर्दी होते.

आमचं मत विचाराल तर आग्वाद घ्या. १६१२ चा हा किल्ला मांडवीच्या तोंडावर राखण करायला बांधला. वरच्या भागातल्या पाण्याच्या टाक्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावे आणि लांबच्या प्रवासाची जहाजं इथून गोडं पाणी भरून निघत. शेजारचा जुना दीपस्तंभ १८६४ चा. खाली पाण्याच्या काठाला जे तुरुंगाचं आवार आहे, तिथे गोवा मुक्तीच्या चळवळीतले अनेक जण डांबलेले होते. तुरुंग हलवल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या रस्त्यांनी पोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वरचा बघून लोक परत फिरतात. पणजीच्या वाटेवर, वेऱ्याजवळ रेईश मागूशचा छोटा किल्लाही आहे. १५५१ चा, नीट डागडुजी केलेला, आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं. तासाभरात होतो.

मांडवी ओलांडताना आमच्याकडून स्कूटर घेतलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा: अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तुमच्यासाठी खालचे जुने पूल.

दुसरा दिवस: दोनापावला ते आगोंद

सकाळी मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे, तिथून पाण्याच्या कडेकडेने दोनापावला. गाडीतून पाणी दिसत राहणाऱ्या मोजक्या रस्त्यांपैकी हा एक. दोनापावलाच्या टोकावरून डावीकडे झुआरीचं तोंड आणि पलीकडे मुरगाव बंदर दिसतं. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो आणि जहाजांना आत शिरता येत नाही. झुआरीचं तोंड मात्र खुलं राहतं. मोठं बंदर त्या काठावर का झालं, ते इथे उभं राहिलं की समजतं.

मग महामार्गाने बांबोळी, आगशी आणि झुआरीचा नवा पूल. पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली. त्याआधी या जागी तास-तास मोडत असे, आता काही मिनिटं लागतात. पुलावर फोटोसाठी गाडी थांबवू नका, दंड तुमच्याच नावावर येईल.

पूल उतरला की कुठ्ठाळी, आणि इथे आमच्या मराठी ग्राहकांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. किनारा करता करता मंगेशी, शांतादुर्गा आणि म्हाळसाही “वाटेत” होतील का, असं बरेच जण विचारतात. देवळं वाटेत नाहीत, ती फोंड्याकडे आत आहेत. मूळ जागा मात्र याच वाटेवरच्या! मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा शेजारच्या केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपलीकडे नेल्या, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. वेर्ण्याला जुन्या जागी म्हाळसेचं देऊळ पुन्हा उभं राहिलं आहे, ते या सहलीत सहज होतं. कुलदैवताला अभिषेक करायचा असेल तर मात्र फोंड्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा. ओटी गाडीत ठेवून किनारे फिरणं कुणालाच सुखाचं होत नाही, विशेषतः घरातल्या मोठ्या बायकांना.

वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरची अखंड वाळू आहे. आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का ही नावं वेगळी, किनारा एकच. सगळीकडे उतरण्यात अर्थ नाही. आम्ही सुचवतो ते असं: कांसावलीजवळ कुयेलीच्या टेकडीवरचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, गाठा. तिथून हा पूर्ण पट्टा डोळ्यांखाली येतो. ६ जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतं आणि तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यावरून वर चढतात; त्या दिवशी गाडी खाली लांब लावावी लागेल. मग बाणावलीपर्यंत गावातल्या रस्त्याने जा. रस्ते अरुंद आणि आंधळ्या वळणांचे आहेत, वळणावर हॉर्न द्या आणि समोरून कदंबची बस आली तर तुम्हीच मागे घ्या.

जेवायला एकच्या आत बसा. छोट्या खाणावळींत मासळीचं ताट अडीच-तीनपर्यंतच मिळतं, पुढे चूल विझते ती संध्याकाळपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा इसवण (सुरमई) मागण्यापेक्षा तिसऱ्या (शिंपल्या), नदीतली मासळी किंवा सुक्या मासळीचं किसमूर (कोशिंबिरीसारखं) मागवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत पुष्कळ खाणावळी बंद असतात, त्यामुळे सोबत काहीतरी ठेवा.

मोबोरला रस्ता संपतो, समोर साळ नदी. बेतूल पलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतं, तरी गाडीला ओर्लीच्या बाजूने आत येऊन चिंचिणी, असोळणा असा फेरा मारावा लागतो. असोळण्यातून जाताना एक स्मरण. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, त्यानंतर त्यांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. त्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आहे, तिसऱ्या दिवशी परतताना महामार्गावरून जवळच.

बेतूलनंतरचा भाग आम्हाला संपूर्ण किनाऱ्यात सगळ्यात प्रिय आहे. मच्छीमारांचा धक्का मागे पडतो, चढ सुरू होतो, काजू आणि जांभ्याचं पठार लागतं आणि उजवीकडे अचानक खाली समुद्र उघडतो. उजवीकडे म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावं. ज्यांना बघायचं त्यांनी गाडी बाजूला लावायला सांगावं. असोळण्याला टाकी भरून घ्या, पुढे काणकोणच्या चावडी गावापर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. रेंजही मधेमधे जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

काब द रामचा किल्ला पोर्तुगीजांकडे १७६३ मध्ये सोंध्याच्या राजाकडून आला. वनवासात राम इथे राहिला अशी लोकांची श्रद्धा आहे. आत सांत आंतोनीचं छोटं चर्च, बाकी झाडी, तोफा आणि पश्चिमेचा कडा. कड्याला कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका आणि फोटोसाठी मागे सरकू नका. माकडं पिशव्या ओढतात.

पुढे खोला. तिथली लाल मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे (२०१९), हंगामात रस्त्याकडेला मिळाली तर घ्या; बाजारातल्या खोला मिरचीबद्दल मात्र खात्री नसते. खोल्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर आमची छोटी गाडी नेऊ नका, खालून घासते. वर लावा आणि चालत जा.

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहालाच बुडतो, मेअखेर सातच्या सुमारास. त्याच्या तासभर आधी आगोंदला पोचायचं, हा हिशोब धरून उलटं मोजत या. कुठे उशीर झाला तर कोलवा गाळा, काब द राम गाळू नका. आगोंदही कासवांचा किनारा आहे आणि पाण्याला ओढ जास्त आहे. पोहणाऱ्यांनी पाळोळ्याला जावं, तिथली खाडी उथळ आणि आडोशाची.

तिसरा दिवस छोटा. पाळोळ्याहून पाटणे, राजबाग, तळपण. गालजीबागेच्या सुरूच्या बनात तासभर बसा, मन असेल तर पोळ्यापर्यंत जाऊन या, पण तपासणी नाक्याच्या अलीकडेच वळा. परत येताना करमल घाट, बाळ्ळी, कुंकळ्ळी, मडगाव. घाटात ट्रकांची रांग लागते आणि ओव्हरटेकला जागा नाही.

गाडीबद्दल थोडं

आमच्या गाड्यांची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत. भाड्याने चालवायला देण्याच्या गाडीला तीच लागते. कुणी स्वस्तात पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी देऊ केली तर वाटेत दंड भरावा लागू शकतो आणि अपघात झाल्यास विम्याचा वांधा होतो. लायसन्स मूळ आणा, फोटोकॉपी चालत नाही.

वाळूवर गाडी घालणं गुन्हा आहे. शिवाय रुतली तर भरती येईपर्यंत कुणी ओढायला येईलच असं नाही. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्यासही बंदी आहे. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरू नका. जून ते सप्टेंबर तर फक्त काठावरूनच बघा. शॅकही तेव्हा काढलेले असतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ ते नववर्षाचा आठवडा, आणि पणजी-मडगावात कार्निव्हल व शिगम्याच्या मिरवणुका. या दिवसांत सांगितलेल्या वेळा निदान दीडपट धरा.

गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आमचा माणूस समोर असताना. ओरखडे, टायर, स्टेपनी आणि इंधनाचा काटा दिसला पाहिजे. काटा जिथे होता तिथेच आणून द्या. गाडीत वाळू आली तर चालेल, मासळीच्या पिशवीतलं पाणी सांडलं तर धुण्याचे पैसे वेगळे पडतील. डिपॉझिट गाडी तपासून त्याच दिवशी परत मिळतं. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेआधी फोन करा. तासाभराचे पैसे आम्ही लावत नाही, पण पुढच्या ग्राहकाला तसं कळवावं लागतं.