तीन कॉइल आणि तिसऱ्या अक्षाचा घोळ

मागच्या आठवड्यात खारघरला मुलांच्या प्रदर्शनात एका छोट्या उपग्रहाच्या मॉडेलवर पाटी होती, 'तीन कॉइल, तिन्ही अक्षांवर कंट्रोल'. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, करंट दिला की त्याचं चुंबक होतं आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर ते उपग्रहाला वळवतं. मुलांनी काम मनापासून केलेलं, पण सगळा घोळ या वाक्यातूनच होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

या कॉइलची सुरुवात एका अडचणीतून झाली. एप्रिल १९६० मध्ये टायरॉस-१ हा हवामानाचा उपग्रह गेला, भोवऱ्यासारखा फिरणारा, त्यामुळे त्याचा आस एकाच दिशेला राहील असं धरलेलं, तर तो हळूहळू सरकायला लागला. उपग्रहाचं स्वतःचंच थोडं चुंबकत्व होतं आणि पृथ्वीचं क्षेत्र त्याला वळवत होतं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टायरॉस-२ वर मुद्दाम कॉइल बसवली, आस हवा तसा वळवायला.

आता तो घोळ. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, पण एकदा वळली की स्वतःच्या लांबीभोवती गोल फिरत नाही ना, तसंच इथे. कॉइलचा पीळ, म्हणजे वळवणारा जोर, कायम पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात बसतो, त्या क्षेत्राच्या रेषेभोवतीच उपग्रह फिरवायचा असेल तर तीन काय, तीस कॉइल लावा, त्या क्षणी काही होत नाही. म्हणजे कुठल्याही क्षणी ताबा दोनच अक्षांवर. मग तिसरा? ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत क्षेत्र विषुववृत्तापाशी जवळपास आडवं असतं, ध्रुवांपाशी उभं, म्हणून आत्ता सुटलेला अक्ष थोड्या वेळाने सापडतो. फेरी साधारण दीड तासाची, तेवढा धीर असेल तर जमतं. विषुववृत्तालगतच्या कक्षेत मात्र दिशा फार बदलतच नाही आणि तिथे गाडी अडते.

म्हणून मोठे उपग्रह वळायला आतली फिरती चाकं वापरतात, चाक एकीकडे फिरलं की उपग्रह उलट वळतो, आणि चुंबक त्या चाकांचा साठलेला वेग उतरवतो. १९९० च्या हबलवर असे चुंबकाचे चार दांडे आहेत, थ्रस्टर म्हणजे वायू सोडून ढकलणारी छोटी इंजिनं नाहीतच, त्यांचा धूर आरशावर बसला असता.

२००३ पासून क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याएवढे छोटे उपग्रह, उडायला लागले आणि इंधन नको, हलणारा भाग नको म्हणून कॉइलला पुन्हा मागणी आली. पवईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा साधारण १० किलोचा 'प्रथम' हा उपग्रह २०१६ मध्ये तीन कॉइल घेऊनच गेला.

करंट कधी, किती द्यायचा हे ठरवायला उपग्रहात पृथ्वीच्या क्षेत्राचा हिशोब भरलेला असतो, तो दर ५ वर्षांनी नवा करतात, आणि त्यासाठी जमिनीवरच्या वेधशाळांच्या नोंदी लागतात. आपल्या पनवेलच्या पुढे अलिबागला तशी एक आहे, कुलाब्यातून १९०४ मध्ये तिकडे हलवलेली, कारण मुंबईत विजेची ट्राम येणार होती आणि तिच्या करंटने नोंदी बिघडल्या असत्या.