खाडीचं दार बंद असताना पाऊस कुठे थांबतो?

पावसाळा लागला की ठरलेली बातमी येते: 'आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.' पाठोपाठ सुपरमूनमुळे शहर बुडणार असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. मुळात ४.८ मीटर ही लाटेची उंचीच नव्हे. ती भरतीच्या पाण्याची पातळी आहे, आणि ती मोजतात अगदी खालच्या ओहोटीच्या रेषेपासून. मुंबईच्या समुद्राची सरासरी पातळीच त्या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. म्हणजे ही भरती सरासरीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर चढते, एवढंच. चंद्र जवळ आला की उधाणात थोडी भर पडते, पण भरतीच्या वेळा वर्षभर आधी कोष्टकात छापून येतात. मिनिटांपर्यंत वेळ सांगता येणाऱ्या गोष्टीला अरिष्ट म्हणण्यात अर्थ नाही.

तरीही नवी मुंबईकरांनी ते कोष्टक जरूर पाहावं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या काठी खाजणं, मिठागरं, भातशेतं यांच्या जागी शहर वसू लागलं. त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. सगळीकडे भराव घालून जमीन उंच करण्याऐवजी डच धर्तीवर धारण तलाव, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पावसाचं पाणी साठवून धरणारे तलाव, बांधले गेले. त्यातल्याच नेरूळच्या 'ज्वेल' तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्या अनेकांना ते नुसतं शोभेचं तळं वाटतं. पण ती शहराची पावसाळी यंत्रणा आहे, आणि फार सुंदर यंत्रणा आहे.

तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेली झडप असते. ती फक्त बाहेरच उघडते. भरतीला खाडी तलावापेक्षा वर चढली की बाहेरचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ओहोटीला खाडी खाली गेली की तलावातलं पाणी ती ढकलून उघडतं. ना वीज, ना मोटर. आपल्याकडचे आगरी शेतकरी खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला उघाडी, म्हणजे अशीच झडप, बसवून हेच पिढ्यानपिढ्या करत आले आहेत.

प्रश्न असतो झडप बंद असतानाच्या पावसाचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरच्या पक्क्या वस्तीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५० हजार घनमीटर पाणी जमतं. चार तासांत दोन लाख. तलाव दहा हेक्टरचा असेल तर त्याची पातळी दोन मीटरनं चढेल. आता या दोन मीटरांतल्या एका मीटरची जागा गाळानं व्यापलीय असं धरा. उरलेलं लाखभर घनमीटर पाणी रस्त्यावर येणार. सगळीकडे सारखं पसरलं तर दहा सेंटिमीटर, सखल सेक्टरांत गुडघाभर. नाले कितीही स्वच्छ असोत, पाणी जाणार कुठे?

गाळ काही प्रमाणात पारसिकच्या डोंगरावरून नाल्यांतून येतो. पण खाडीतूनही येतो, आणि त्यामागचं रसायन मला फार आवडतं. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण साचलेल्या पाण्यात तासाला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर खाली जातो. मीटरभर उतरायला त्याला तीन दिवस लागतील. तेवढ्यात ओहोटी त्याला परत घेऊन जाईल. पण खाडीचं पाणी खारं. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धन आयन या कणांभोवती गर्दी करतात, भाराचं आवरण आकसतं, आणि कण इतके जवळ येतात की आकर्षणाचं बल वरचढ ठरतं. त्यांचे पुंजके बनतात. बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुंजका पोकळ, म्हणून घनता कमी, तरी आकार भरीला पडतो आणि गाळ काही तासांत तळाला बसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर हेच घडतं.

म्हणून झडपेची फट महत्त्वाची. बिजागरी गंजली, कडेला शिंपले धरले, एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली, की झडप दोन बोटं उघडी राहते. मग दर भरतीला गढूळ पाणी आत येतं, तलावात शांत होतं, गाळ टाकतं आणि निवळून बाहेर जातं. रोज दोनदा.

या गाळावर खारफुटी रुजली आहे, आणि इथे मामला अवघड होतो. २०१८च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामाखेरीज कांदळवनाला हात लावता येत नाही. हा निकाल योग्यच आहे. खाडीकाठचं कांदळवन लाटांचा जोर मोडतं. तिथली एकही फांदी तुटता कामा नये. तलावाच्या पोटातल्या झाडांबद्दल मात्र परवानगी घेऊन, निदान झडपेपर्यंतचे प्रवाहमार्ग मोकळे करायला हवेत. पण आधी झडपा. त्या गळत असतील तर उपसलेला गाळ पुन्हा भरणारच.

शहराच्या भविष्याचे आराखडे काढताना या झडपेवर मी भर देतो त्याला आणखी एक कारण आहे. उधाणाच्या दिवसांत मध्यम पातळीजवळ खाडी तासाला सुमारे एक मीटर चढते किंवा उतरते. समुद्राची सरासरी पातळी दहा सेंटिमीटर वाढली, की झडप सहा मिनिटं उशिरा उघडेल आणि सहा मिनिटं लवकर मिटेल. तलावाला रिकामं व्हायला दर ओहोटीत बारा मिनिटं कमी मिळतील आणि तेवढाच वेळ जास्त पाणी साठवून धरावं लागेल. म्हणून प्रत्येक तलावात आज किती घनमीटर पाणी मावतं हे मे महिन्यातच मोजून तिथल्या फलकावर लिहिलं जावं, शेजारी त्याची मूळ क्षमताही.